एका फुटाच्या बांधासाठी

प्रश्न : मी तालुक्याच्या न्यायालयात फौजदारी वकिली करतो. माझ्याकडे येणाऱ्या मारामारीच्या प्रकरणांत बांधाची प्रकरणं सर्वांत जास्त. नांगरताना कुणीतरी बांध कोरलेला असतो, शब्दाला शब्द लागतो, फावडं नाहीतर कुऱ्हाड हाताशी असतेच, आणि संध्याकाळपर्यंत एकजण दवाखान्यात, दुसरा कोठडीत. कधीकधी त्याहूनही वाईट. मोजणी झाल्यावर वाद फूट-दीड फुटाचा निघतो. तेवढ्या पट्टीतलं वर्षाचं पीक कोर्टाच्या एका तारखेच्या खर्चालाही पुरायचं नाही. शिवाय बांधापलीकडचा माणूस बहुतेक वेळा सख्खा नाहीतर चुलत भाऊ. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. उत्क्रांतीत फायद्याच्या सवयी टिकतात म्हणतात, मग इतक्या तोट्याचा हा राग टिकला कसा? एका रक्ताचे लोक एकमेकांवर का उठतात? आणि हे सगळं निसर्गानेच आपल्यात घातलं असेल, तर उद्या एखाद्या आरोपीने तोच बचाव घेतल्यावर त्याला काय उत्तर द्यायचं?
— एक वकील वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : तोट्याचा राग टिकला कसा, हा प्रश्न अशा नेमक्या शब्दांत जीवशास्त्रात फार उशिरा विचारला गेला. त्याआधी दोन सोपी उत्तरं लोकप्रिय होती. ती आजही गप्पांमधून ऐकू येतात, म्हणून आधी त्यांचा निकाल लावू.

पहिलं उत्तर रेमंड डार्ट यांचं. दक्षिण आफ्रिकेतल्या ताउंग इथे १९२४ साली सापडलेली एका लहान मुलाची कवटी माणसाच्या पूर्वजाची आहे हे डार्ट यांनी ओळखलं. आपलं मूळ आफ्रिकेत शोधायला हवं हे त्यातून पुढे आलं, आणि ते काम मोठंच आहे. पण नंतर माकापान्सगाटच्या गुहेतले मोडक्या हाडांचे ढीग पाहून त्यांनी असा निष्कर्ष काढला की आपले पूर्वज हाडांचीच हत्यारं करत, त्यांनी शिकार करत आणि एकमेकांनाही मारत. रॉबर्ट आर्ड्री या नाटककाराने १९६१ मधल्या आपल्या पुस्तकातून ही ‘खुनी वानरा’ची कल्पना सर्वदूर पोचवली. पुढे सी. के. ब्रेन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या अशाच गुहांमधली हाडं वर्षानुवर्षं तपासली, तेव्हा ती मोडण्याची तऱ्हा बिबटे आणि तरसांच्या खाण्याशी जुळली. स्वार्टक्रान्सच्या गुहेतल्या एका कवटीला दोन भोकं होती. बिबट्याचे खालचे सुळे त्यांत नेमके बसत होते. ज्यांना आपण मारेकरी समजत होतो ते स्वतःच भक्ष्य झाले होते. ताउंगचं ते मूलही बहुधा एका मोठ्या गरुडाने मारलं असावं, असं आता मानलं जातं.

दुसरं उत्तर कोनराड लोरेंझ यांचं. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाला शास्त्राचा दर्जा मिळवून देणाऱ्यांपैकी ते एक. १९७३ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. १९६३ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात आक्रमकता ही आतल्या आत साठत जाणारी प्रेरणा मानली आहे. कुकरमधल्या वाफेसारखा तिचा दाब वाढतो आणि तिला वाट करून द्यावी लागते, असा त्यांचा सूर. हे मत सोयीचं आहे, म्हणूनच ते टिकलं. पण पुराव्यापुढे ते उभं राहत नाही. भूक खरोखरच साठते: दोन दिवस उपाशी माणूस अन्न शोधत हिंडतो. दोन वर्षं कुणाशी भांडला नाही म्हणून भांडण शोधत हिंडणारा माणूस मात्र तुमच्या उभ्या वकिलीत तुम्ही पाहिला नसेल. राग ठरावीक परिस्थितीत उठतो. त्या परिस्थिती कोणत्या, हे शोधणं म्हणजेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधणं.

तो शोध खऱ्या अर्थाने १९७३ साली सुरू झाला. त्या वर्षी जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांचा प्राण्यांमधल्या झुंजीविषयीचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. प्राइस शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. ते अमेरिकेतून लंडनला आले आणि स्वतःच्या हिमतीवर उत्क्रांतीचं गणित शिकले. त्यांना पडलेलं कोडं असं: हरणांच्या नरांना इतकी भेदक शिंगं असताना ते एकमेकांच्या कुशीत ती का खुपसत नाहीत? शिंगाला शिंग लावून रेटारेटी करतात, आणि हरलेला निमूट निघून जातो. तोवरचं ठरीव उत्तर होतं ‘जातीच्या भल्यासाठी’. पण नैसर्गिक निवड जातीचं भलं पाहत नाही. जो नर नियम मोडून खरंच भोसकेल त्याला जास्त माद्या आणि जास्त पिल्लं मिळायला हवीत. मग सगळेच भोसकणारे का झाले नाहीत?

त्यांचं उत्तर कागदावर मांडता येण्याइतकं सोपं आहे. एकाच जातीत दोन स्वभाव कल्पा. ससाणा स्वभावाचा प्राणी नेहमी भिडतो आणि जखमी झाल्याशिवाय हटत नाही. पारवा स्वभावाचा नुसता आव आणतो. समोरचा भिडला की निघून जातो. सगळेच पारवे असतील तर एकट्या ससाण्याचं फावतं, त्याला प्रत्येक वेळी आयतं मिळतं आणि त्याची प्रजा वाढते. पण ससाणे वाढले की ससाण्याची गाठ ससाण्याशी पडू लागते. जखमेची किंमत मिळकतीहून जास्त असेल, तर अशा गर्दीत पळून जाणारा पारवाच पुढे जातो. शेवटी दोन्ही वागणुकी एका प्रमाणात टिकून राहतात, आणि ते प्रमाण ठरतं ते मिळकत किती आणि जखम किती महाग यावर. लढावं की हटावं याचा हा हिशेब कुठलाही प्राणी बसून करत नाही. ज्यांचे स्वभाव त्या हिशेबाशी जुळले त्यांची संतती उरली, एवढंच.

या गणिताने पाहिलं तर तुमची शंका आणखी गडद होते. मिळकत फूटभर माती, किंमत डोकं फुटण्याची किंवा जन्मठेपेची. इथे दोघांनीही पारवा व्हायला हवं होतं.

पण मेनार्ड स्मिथ यांनी त्या गणितात पुढे तिसरा स्वभाव आणला: जागा आपली असेल तर लढ, दुसऱ्याची असेल तर हट. ससाणे आणि पारवे दोघांनाही हा स्वभाव हरवतो, कारण या नियमाने वागणाऱ्या दोघांत कधी जखम होतच नाही. कोण मालक हे दोघांना माहीत असतं, तेवढ्यावर वाद मिटतो. निक डेव्हिस यांनी १९७८ साली ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या रानात फुलपाखरांवर हे पाहिलं. झाडांतून जमिनीवर पडणारा उन्हाचा कवडसा हा तिथल्या नराचा मुलूख. दुसरा नर आला की दोघं घिरट्या घेत वर उडतात आणि काही क्षणांत आगंतुक निघून जातो. आधी बसलेला तिथेच राहतो. मग डेव्हिस यांनी एक युक्ती केली. पहिल्याचं लक्ष नसताना त्याच कवडशात दुसरा नर गुपचूप आणून ठेवला. आता दोघांच्याही लेखी ती जागा स्वतःची होती. एकमेकांना पाहिल्यावर त्यांनी जी घिरटी घेतली ती नेहमीच्या कित्येक पट लांबली. पुढच्या संशोधकांनी याच फुलपाखरांबद्दल वेगळी कारणंही सुचवली आहेत, उदाहरणार्थ उन्हात आधी बसलेल्याचं अंग जास्त तापलेलं असतं म्हणून तो जिंकतो. त्यामुळे फुलपाखराच्या मनात मालकीची कल्पना आहे असा दावा मी करणार नाही. पण गणितातून निघालेली गोष्ट पक्की आहे: मालक कोण हे स्पष्ट असेल तिथे लढाई स्वस्तात टळते, आणि दोघंही स्वतःला मालक समजत असतील तिथे ती सर्वांत भडकते.

तुमच्या अशिलांची शेतं नेमकी या दुसऱ्या प्रकारात येतात. वाटणी आजोबांनी तोंडी केलेली, हद्दीचे दगड कधी हलले कुणाला माहीत नाही, बांध दरवर्षी दोन्हीकडून थोडा थोडा कोरला गेलेला. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. बांध नक्की कुठून जातो हे त्यावरून कळत नाही. दोघंही शपथेवर खरं बोलत असतात आणि दोघंही मालक असतात. म्हणून मोजणी वेळेत होणं, तिच्या खुणा जमिनीत पक्क्या बसणं, ही मला रागाच्या इलाजातली पहिली गोष्ट वाटते. ताण कसा आवरावा यावरच्या व्याख्यानांपेक्षा भूमी अभिलेख कार्यालयातला रिकामा टेबल भरणं जास्त मारामाऱ्या थांबवेल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तरीही एवढ्याने माणूस कुऱ्हाड का उचलतो ते कळत नाही. फुलपाखरं घिरट्या घेतात, मरत नाहीत. इथे दुसरी गोष्ट येते आणि ती माणसात फार बळकट आहे: बघणारे लोक.

मार्विन वुल्फगँग यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या १९४८ ते १९५२ या काळातल्या ५८८ खुनांच्या नोंदी तपासल्या. सर्वांत मोठा गट, एक तृतीयांशाहून अधिक, निघाला क्षुल्लक कारणावरून झालेल्या भांडणांचा: धक्का लागला, शिवी दिली, अपमान केला. कॅनडातले मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन हे जोडपं याच नोंदींपाशी अडलं. १९८८ च्या ‘होमिसाइड’ या पुस्तकात त्यांनी म्हटलं की कारण क्षुल्लक दिसतं ते आपल्याला. भांडणाऱ्यांच्या लेखी पणाला लागलेली गोष्ट वेगळीच असते. ज्या समाजात पोलीस लांब आणि न्याय महाग, तिथे ‘याला डिवचलं तर महागात पडतं’ ही ओळख हीच माणसाची मालमत्ता असते. ती एकदा गेली की प्रत्येकजण हात टाकून पाहतो. म्हणून लढाई मातीच्या किमतीएवढी मर्यादित राहत नाही. पुढच्या सगळ्या वादांची किंमत त्यात मिसळते.

रिचर्ड निस्बेट आणि डोव्ह कोहेन यांनी ही कल्पना आणखी पुढे नेली. त्यांचं म्हणणं, मेंढपाळ आणि गुरं पाळणारे समाज मानापमानाला जास्त हळवे असतात, कारण गुरं एका रात्रीत हाकून नेता येतात. शेतकऱ्याची जमीन कुणी उचलून नेऊ शकत नाही, म्हणून तो थंड राहू शकतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गुराखी वस्ती झाली आणि तिथे हा हळवेपणा रुजला, असं त्यांचं मत. मिशिगन विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांना बोळातून जाताना मुद्दाम धक्का मारवला आणि शिवी ऐकवली. उत्तरेकडच्या मुलांनी ते बहुतांशी हसण्यावारी नेलं. दक्षिणेकडच्या मुलांच्या लाळेत ताणाचं कॉर्टिसॉल आणि टेस्टोस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरकं वाढली. अभ्यास सुंदर आहे, पण शेतकऱ्याबद्दलचं त्यांचं म्हणणं वाचताना मला बांध आठवतो. जमीन उचलून नेता येत नाही हे खरं. पण ती दर नांगरटीला नांगराच्या एका तासाने कोरून नेता येते. कोरणारा त्यात मातीपेक्षा मोठी गोष्ट अजमावत असतो: हा गप्प बसतो की नाही. यंदा गप्प बसला तर पुढच्या वर्षी दोन तास. ज्याच्या बाजूने कोरलं जातं त्याला हे पुरतं कळतं, आणि शेजारच्या शेतातून चारजण बघत असतील तर आणखीच कळतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याची स्थिती या बाबतीत मेंढपाळासारखीच आहे, असं मी म्हणेन.

आता भावांकडे वळू. तुम्ही ‘एका रक्ताचे’ म्हणालात, त्यामागे विल्यम हॅमिल्टन यांचं १९६४ मधलं प्रसिद्ध गणित आहे: आपल्या त्यागाने नातेवाइकाचा होणारा फायदा, नात्याच्या जवळिकीच्या प्रमाणात मोजला तर, आपल्या तोट्याहून मोठा असेल तेव्हा त्यागाची वृत्ती टिकते. सख्ख्या भावाशी आपली निम्मी जनुकं वारशाने समान असतात, चुलत भावाशी एक अष्टमांश. त्याआधीच जे. बी. एस. हॉल्डेन यांनी हेच गमतीने सांगितल्याची आठवण दिली जाते, की दोन भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी आपण जीव द्यायला तयार आहोत. हे हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ च्या डिसेंबरात भुवनेश्वरला वारले.

हॅमिल्टन यांचं गणित घराघरांत लागू पडताना दिसतं. डेली आणि विल्सन यांनी डेट्रॉइट शहरातले १९७२ चे खून पाहिले. एका छताखाली राहणाऱ्यांपैकी रक्ताचं नातं नसलेल्यांना (यात नवरा-बायकोही आले) आपल्या घरातल्या माणसाकडून मारलं जाण्याचा धोका रक्ताच्या नातेवाइकांच्या अकरा पट होता. मग शेतीच्या समाजांत भावाभावांच्या खुनांचं प्रमाण वर का जातं? याच दोघांनी त्याचं कारण दिलं आहे: वडिलार्जित जमिनीसाठी आपला खरा स्पर्धक गावातला परका माणूस नसतो, भाऊच असतो. निम्मी जनुकं समान असणं म्हणजे उरलेलं अर्धं वेगळं असणंही आलं, आणि वाटणीत भावाला गेलेला एकर आपल्या मुलांना मिळत नाही. सुईच्या अग्रावर मावेल एवढी जमीनही न देणाऱ्या चुलत भावाची कथा आपल्या सर्वांत मोठ्या महाकाव्याच्या मुळाशी आहे, यात मला आश्चर्य वाटत नाही.

पण वकील म्हणून तुम्ही आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाटणी होते तेव्हा शेजारी-शेजारी तुकडे पडतात. म्हणजे बांधापलीकडचा माणूस भाऊबंद असणार हे वाद होण्याच्या आधीच ठरलेलं असतं. शंभर बांधांपैकी ऐंशी बांध भावांमध्ये असतील तर ऐंशी भांडणं भावांची निघाली तरी भाऊ परक्यापेक्षा जास्त भांडतात असं ठरत नाही. उलट भावाभावांतले किती बांध बिनबोभाट चालू आहेत, ते तुमच्या कार्यालयात कधीच येत नाहीत.

तुमच्या आरोपींत बायका विरळा आणि तरुण पुरुष जास्त, हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी मी गृहीत धरतो. जगभरात खून करणाऱ्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पुरुष असतात. मादी आपल्या पिल्लांत जास्त गुंतवते आणि नराला जोडीदारासाठी जास्त स्पर्धा करावी लागते, अशा प्राण्यांत नर जास्त धोका पत्करतात, हे रॉबर्ट ट्रायव्हर्स यांनी १९७२ साली मांडलं. माणूसही त्यातलाच. फक्त याच वाटेने काही अभ्यासक फार पुढे गेले. नेपोलियन शॅग्नन यांनी १९८८ मध्ये लिहिलं की अॅमेझॉनच्या यानोमामी लोकांत ज्यांनी माणूस मारला आहे त्यांना न मारणाऱ्यांपेक्षा जास्त बायका आणि जास्त मुलं असतात. त्यावर वयाच्या फरकापासून नोंदींच्या पद्धतीपर्यंत कडक आक्षेप आले. २००९ मध्ये इक्वेडोरच्या वाओरानी लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा तिथे उलटं चित्र दिसलं: सर्वांत आक्रमक लढवय्यांची जगलेली मुलं जास्त नव्हती. सुडाचे फेरे त्यांच्या घरांवरच परतत होते. एका जमातीवरून ‘मारणाऱ्याचा वंश वाढतो’ असा नियम करणं मला अजिबात पटत नाही.

आतापर्यंत मी रागाने उठलेल्या हिंसेबद्दलच बोललो. तुमचा कायदा तिला वेगळं ओळखतो. गंभीर आणि अचानक प्रक्षोभाने हातून माणूस मारला गेला तर ते कृत्य खुनाच्या व्याख्येतून बाहेर काढण्याची तरतूद आपल्याकडे इंग्रजी अमलापासून आहे. मुंबईत १९५९ साली नौदलाचे कमांडर नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या, तेव्हा सगळा खटला या प्रश्नाभोवती फिरला. पत्नीने कबुली दिल्यावर नानावटींनी कुटुंबाला चित्रपटगृहापाशी सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, आहुजांचं ऑफिस गाठलं, मग घर. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष म्हटलं. उच्च न्यायालयाने तो कौल फिरवला आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, कारण कबुली आणि गोळी यांच्यामध्ये सुमारे तीन तास गेले होते. राग निवायला आणि विचार करायला तो अवधी पुरेसा होता.

न्यायाधीशांनी आखलेली ही रेषा जीवशास्त्रातही सापडते. हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांनी आपल्या २०१९ च्या पुस्तकात तिच्यावरच सगळा भर दिला आहे. डिवचल्यावर उसळणारी हिंसा एक, आणि ठरवून, वेळ साधून, स्वतःला इजा होणार नाही अशी काळजी घेऊन केलेली हिंसा दुसरी. मेंदूत या दोहोंच्या वाटा बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत. रँगम यांचा दावा असा की पहिल्या प्रकारात माणूस प्राण्यांमध्ये विलक्षण शांत आहे आणि दुसऱ्या प्रकारात विलक्षण भयंकर. पहिल्या अर्ध्याचा पुरावा रोज आपल्यासमोर असतो. एस.टी.च्या गर्दीत पन्नास अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून दोन तास प्रवास करतात. एकमेकांना न ओळखणारे पन्नास चिंपांझी तसे बसवले तर काय होईल याची कल्पनाही करवत नाही.

दुसऱ्या अर्ध्याचा पुरावा टांझानियातल्या गोंबे इथून आला. जेन गुडॉल तिथे १९६० मध्ये गेल्या आणि पहिली बरीच वर्षं त्यांना चिंपांझी आपल्याहून सौम्य वाटत होते. १९७४ च्या जानेवारीत कासाकेला टोळीचे नर शांतपणे, आवाज न करता, शेजारच्या काहामा टोळीच्या हद्दीत शिरले. तिथे गोडी नावाचा नर एकटाच खात बसला होता. एकाने त्याला जमिनीला दाबून धरलं, बाकीच्यांनी मारलं. पुढच्या चार वर्षांत काहामाचे सगळे नर संपले. गुडॉल या मारणाऱ्यांना आणि मरणाऱ्यांना वर्षानुवर्षं ओळखत होत्या. दोन्ही टोळ्या मुळात एकच होत्या. यावर आक्षेप आला की संशोधक केळी घालत होते म्हणून हे घडलं. तो आक्षेप रास्त होता आणि त्याला उत्तर मिळायला वेळ लागला. २०१४ साली अठरा चिंपांझी टोळ्यांच्या पाच दशकांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. त्यात १५२ हत्या निघाल्या, काही पाहिलेल्या, काही पुराव्यावरून ठरवलेल्या, काही नुसत्या संशयाच्या, आणि त्यांचा माणसाच्या ढवळाढवळीशी संबंध जुळला नाही. यातला मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा वेगळाच आहे: टोळ्यांमधल्या हल्ल्यांत मारणारे आणि मरणारा यांचं प्रमाण साधारण आठास एक होतं. युगांडातल्या न्गोगोच्या टोळीने दहा वर्षं असे हल्ले केले आणि मग आपला मुलूख सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला.

आठास एक. रागाची इथे गरजच नाही. धोका शून्याजवळ आला की हिंसा स्वस्त होते. १७७३ साली शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांवर गारदी धावून गेले, तेव्हाही हिशेब हाच होता. पण त्यानंतर जे झालं तेही अनेकांनी मिळून ठरवून वागण्याच्या याच शक्तीतून आलं. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी नारायणरावांचे काका राघोबा यांना दोषी ठरवलं, आणि बारभाई म्हणवणाऱ्या कारभाऱ्यांनी एकत्र येऊन त्यांना गादीवरून दूर केलं. दांडगेश्वराला अनेकांनी संगनमताने आवरायचं, प्रसंगी मारायचं, ही गोष्ट शिकारी-संकलक समाजांत सर्रास दिसते, हे ख्रिस्तोफर बोहेम यांनी दाखवलं. रँगम तिथून असं म्हणतात की हजारो पिढ्या रागीट गुंडांना असं वेचून काढल्यामुळेच आपण रागाला इतके मवाळ झालो. नोवोसिबिर्स्कमध्ये बेल्यायेव यांनी १९५९ पासून कोल्ह्यांची फक्त मवाळपणावर निवड केली, तर काही पिढ्यांत ते माणसाजवळ शेपूट हलवू लागले; तसंच आपण स्वतःचं केलं. ही कल्पना मोहक आहे, सिद्ध मात्र झालेली नाही. आणि चिंपांझीइतकेच जवळचे बोनोबो वानर आपल्याला उलटा धडा देतात: २०१४ च्या त्याच अभ्यासात त्यांच्या चार टोळ्यांत मिळून एका हत्येचा नुसता संशय होता. बोनोबोही भांडतात, २०२४ च्या एका अभ्यासात त्यांचे नर चिंपांझींपेक्षा जास्त वेळा भांडताना दिसले. पण ते एकास एक भांडतात, टोळी करून मारत नाहीत.

तुमचा तिसरा प्रश्न राहिला आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण हा बचाव कल्पनेतला नाही. इटलीत त्रिएस्तेच्या अपील न्यायालयाने २००९ साली एका खुन्याची शिक्षा वर्षभराने कमी केली. एमएओए या जनुकाचं आक्रमकतेशी जोडलं जाणारं रूप त्याच्यात सापडलं, हे त्यामागचं एक कारण होतं. त्या जनुकाचं कमी सक्रिय रूप कोट्यवधी शांत माणसांत असतं. २००२ मध्ये अव्शालोम कॅस्पी यांच्या गटाने केलेल्या मूळ अभ्यासातही त्याचा परिणाम दिसला तो लहानपणी छळ झालेल्यांत. त्रिएस्तेचा तो निर्णय मला चुकीचा वाटतो.

चूक फक्त जनुकाच्या अर्थात नाही. वर सांगितलेलं एकूण एक संशोधन असं दाखवतं की माणसाची हिंसा परिस्थिती पाहून चालते: समोर कोण आहे, आपल्या बाजूने किती आहेत, बघतंय कोण, पकडलं जाण्याची शक्यता किती. युरोपात चौदाव्या-पंधराव्या शतकात खुनांचं प्रमाण लाखामागे वीसहून जास्त होतं, असा मॅन्युएल आइसनर यांचा अंदाज आहे. विसाव्या शतकात ते एकाच्या आसपास आलं. सहाशे वर्षांत जनुकं एवढी बदलत नाहीत. बदलली ती न्यायालयं, पोलीस, आणि स्वतःची पत स्वतःच्या मुठीने राखण्याची गरज. ज्या वृत्तीवर शिक्षेच्या शक्यतेचा परिणाम होतो, त्या वृत्तीसाठी शिक्षा माफ करा म्हणणं हे त्या वृत्तीच्या स्वभावाविरुद्धच आहे.

म्हणून असा बचाव तुमच्यासमोर आला तर उत्क्रांतीच्या तज्ज्ञाला फार प्रश्न विचारू नका. आरोपीलाच एक विचारा: त्या क्षणी बांधावर पोलीस शिपाई उभा असता, तर कुऱ्हाड चालली असती का? बहुतेक प्रकरणांत खरं उत्तर ‘नाही’ असेल, आणि तेवढ्याने तो बचाव संपतो. ज्या मोजक्या प्रकरणांत ते खरोखर ‘हो’ असेल, तिथे आरोपीला मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्यायला हवं, आणि त्याची तरतूद कायद्यात आधीपासूनच आहे.